शकुबाईचा उतारा

आमच्या भागात कुणी ‘उतारा’ म्हणालं, तर आधी विचारावं लागतं, कुठला? कारखाना सुरू झाला की पेपरात येतो तो साखरेचा उतारा. तलाठ्याकडं खेटे घालून मिळतो तो जमिनीचा. तीन वाटांच्या तिकाटण्यावर दहीभात नि लिंबू ठेवून लोक मागं न बघता निघून जातात, तोही उताराच. आणि भवानीनगरच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत पंचवीस वर्षं एक चौथाही उतारा होता. शकुबाईचा. लिंबाच्या लोणच्याचा खार. दारू चढलेल्या माणसाला पाजला की चढलेली उतरते, म्हणून उतारा.

सध्या वसाहतीत त्याच शकुबाईला नावं ठेवायची साथ आलीय. मुलाचा बंगला झाला नि म्हातारीला माज आला, गरिबाच्या पोरीच्या हातातला डबा हिसकावून घेतला, असं नळावर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर सगळीकडं चाललंय. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. तिनं मला गप्प बसायला सांगितलंय. बसले असते. पण गप्प बसायचा गुण अल्लानं मला दिला नाही, आणि आता या वयात तो कुठून आणू?

मी जरिना. नवरा चाँदभाई. सगळा बाजार त्याला भाई म्हणतो म्हणून माझ्याही तोंडी तेच बसलंय, हसू नका. त्याचा इंदापूरच्या बाजारात लिंबू, मिरची, कोथिंबिरीचा धंदा. आमचं घर आणि शकुआक्काचं घर यांच्यात एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. तिच्याकडं फोडणी पडली की ठसका मला लागायचा. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही.

शकुआक्का पणदऱ्याची. सतराव्या वर्षी लग्न होऊन वसाहतीत आली, ती आईनं दिलेली चिनीमातीची बरणी मांडीवर धरून. बरणीत लिंबाचं लोणचं, बिनतेलाचं. कागदी लिंबाच्या फोडी, मीठ, हळद, बेताची मिरची, बस्स. महिनाभर उन्हात ठेवलं की फोडी मऊ पडतात आणि रस सुटतो, तोच खार. आक्का दर वर्षी जुन्या बरणीतला थोडा खार नव्या लिंबांत घालायची, विरजण घालतात तसा. त्यामुळं तिचा खार काकवीसारखा काळसर होता, आणि जिभेवर ठेवला की कानामागं घाम फुटायचा. लिंबं आमच्या चाँदभाईची. ती चिरायला आम्ही दोघी. वसाहतीतल्या एकदोन बाया कुजबुजल्या, जरिनाचा हात बरणीला लागतो म्हणून. आक्कानं सरळ सांगितलं, “मग तुमी नगा नेऊ.” दुसऱ्या दिवशी त्याच वाट्या घेऊन आल्या.

नवरा रामहरी कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे गाडीतला ऊस टाकतात तिथं, कामाला. देखणा, बोलायला गोड. मला ‘जरिनाभाभी’ म्हणून इतक्या अदबीनं हाक मारायचा की नवख्या माणसाला वाटावं, काय घरंदाज गडी आहे! पण संध्याकाळी सहानंतर तो गडी राहायचा नाही. ओढ्याकाठी पत्र्याची एक खोप होती, तिथं देशी मिळायची. तिथून आला की मारायचा. अर्ध्या विटेच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. मी दार वाजवायला गेले की आत एकदम शांत व्हायचं आणि आक्का आतूनच म्हणायची, “काय न्हाय गं, भांडं पडलं.” त्या घरात इतकी भांडी पडली की एकही सरळ उरायला नको होतं.

युवराज, म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, अकरा वर्षांचा असताना रामहरीला कावीळ झाली. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, आक्काला बाजूला घेतलं आणि सांगितलं, असाच पीत राहिला तर दोन वर्षं. त्या दिवशी ती घरी आली नि थेट बरणीपाशी गेली. खार दारू उतरवतो, पोटात जाळू देत नाही, असं तिची आई म्हणायची. वाटीत खार काढून तिनं नवऱ्यापुढं धरला. त्यानं वाटी भिंतीवर मारली. “बायकोच्या हातनं औषिद घ्यायला मी काय मरतोय व्हय?” तो डाग पुढं कितीदा चुना दिला तरी वर यायचा.

मग तिनं डोकं चालवलं. दुसऱ्या संध्याकाळी चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात खार भरला आणि युवराजच्या हातानं खोपीत धाडला. “बाबाला म्हणावं, आईनं दिलंय, पिऊन घ्या नि घरी या.” झाकण मी लावून दिलं, घट्ट दाबून, पोराच्या हातनं सांडू नये म्हणून. पोरगं पळत गेलं नि पळत आलं. डबा रिकामा. नुसता रिकामा नाही, धुतलेला. आमच्या वसाहतीत कुठल्या पुरुषानं आपलं भांडं आपण विसळल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. आक्का तो डबा उलटासुलटा करून मला दाखवायला आली. “बघ गं जरिना, धुवून धाडलाय! पोराच्या हाताला बाप न्हाय म्हणत न्हाय.” तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, खोटं कशाला बोलू!

झालं. तिथून रोजचा नेम पडला. आणि चार-सहा महिन्यांत वसाहतीतल्या दुसऱ्या बाया यायला लागल्या. आम्हालाही द्या, आमचा तर पार वाया गेलाय. आक्कानं कुणाला नाही म्हटलं नाही, कुणाकडून कधी काही घेतलंही नाही. देताना फक्त एक गोष्ट बजावायची, “सोता जाऊ नगा. पोराच्या हातानं धाडा.” संध्याकाळी तिच्या ओसरीवर पोरांची रांग लागायची, हातात डबे घेऊन. ती पळीनं खार वाढायची आणि मी शेजारी बसून झाकणं लावायची. वॉचमनचा मानसिंग, आम्ही मान्या म्हणायचो, तो नऊ वर्षांचा होता. एका पायावर लंगडी घालत जायचा नि यायचा, डबा डोक्यावर. बानूबाईचा थोरला, पंपावाल्याची दोन पोरं. सगळे डबे धुवून परत यायचे.

रामहरी त्यानंतर अकरा वर्षं जगला. पिणं काही सुटलं नाही, मारणं थोडं कमी झालं. तो गेला तेव्हा तेराव्याला आक्का मला म्हणाली, “डाक्टरनं दोन सांगितली हुती. मी अकरा काढली.” त्या बोलण्यात जी ताठ मान होती ना, ती मी तिची आयुष्यात दुसरी कधी बघितली नाही. लोकांच्या नावावर शेत असतं, दुकान असतं, निदान चार पोरं तरी असतात. हिच्या नावावर एवढंच होतं. मार खाऊन, उपाशी राहून, नवऱ्याला नऊ वर्षं जास्तीची मिळवून दिली. ते काढून घेतलं तर तिच्याकडं काहीच उरत नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

युवराज शिकला. बारामतीत डिप्लोमा केला, ठिबकची एजन्सी घेतली, आणि तिथंच जळोचीत बंगला बांधला. पोरगं गुणाचं आहे, मी त्याच्यावर खार खाऊन नाही. आईला हट्टानं घेऊन गेला. टेम्पोत सगळं सामान मागं आणि बरणी आक्काच्या मांडीवर, तशीच, जशी ती पणदऱ्याहून आली होती. सून राजनंदिनी, तीही चांगली. सासूला ‘अहो आई’ म्हणते. युवराज महिन्यातून एकदोनदा मित्रांसोबत घ्यायचा, ते आक्काला ठाऊक होतं. तिनं ते गिळलं होतं. “मापात घेतो,” म्हणायची, “आन घरात खार हाय.”

बंगल्याला वर्ष झालं म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारचं जेवण ठरलं. पुण्याहून कंपनीचे साहेब आणि त्यांची बायको येणार, युवराजचा कॉलेजातला मित्र विजयसिंह येणार, आणि आम्ही दोघं. दोन दिवस आधी आक्काचा फोन आला. आवाजात नुसतं हसू. युवराजनं खार मागितला होता, चांगला दोन बाटल्या.

“बापाला मला धाडायला लागायचा,” ती म्हणाली, “ह्यो आपला आपण मागतोय. पाव्हण्यांची सोय आदीच करून ठेवतोय. शाणा निघाला गं माजा!”

तिनं तो खार धुतलेल्या मलमलीतून दोनदा गाळला. बिया, सालीचा गाळ, काही राहू दिलं नाही. पाहुणे पितील आणि मग उताऱ्याला घेतील, असं तिनं धरलं होतं. मीही तेच धरलं होतं. चाँदभाईनं जेवणाच्या दिवशी निवडून, एकसारखी शंभर लिंबं नेली आणि पुदिन्याची जुडी.

आम्ही पोचलो तेव्हा युवराज स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा, पाहुणे भोवती. मी घेत नाही, पण बघायला काय जातंय! त्यानं काचेच्या ग्लासाच्या कडेवरून लिंबाची फोड फिरवली आणि बशीत पसरलेल्या मीठ-तिखटात ग्लास पालथा घातला. कडेला लाल झालर आली. मग जिमला जाणारी पोरं पावडर घुसळतात तो शेकर घेतला. त्यात बर्फ, मापानं व्होडका, व्होडकाच्या निम्मा आक्काचा खार, चिमूटभर काळं मीठ, बी काढून उभी चिरलेली मिरची. झाकण लावून कानाशी धरून असा खुळखुळवला की आतल्या बर्फाचा आवाज हॉलमध्ये गेला. गाळून ग्लासात ओतलं, वर सोडा, आणि काडीला टोचलेली लोणच्याची एक फोड.

“परदेशात काकडीच्या लोणच्याचं पाणी घालतात, सर,” तो म्हणाला. “आपल्याकडं काय कमी आहे?”

खार ग्लासात? मी चाँदभाईकडं बघितलं. तो पुदिन्याची जुडी सोडायला लागला, जणू त्याला तेवढंच काम होतं.

साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले. “अरे, भारी! आंबट, खारट, मागून तिखट. कुठं शिकलास हे?”

“बाबांकडून,” युवराज म्हणाला.

आणि मग तो सांगायला लागला. त्या पोराला दोष देता येत नाही. बाप म्हणून मारणारा माणूस वाट्याला आलेला, त्याची एकच गोड आठवण त्याच्याजवळ होती, ती त्यानं पाहुण्यांपुढं ठेवली. “हे बाबांचं पेटंट, सर. अर्धा ग्लास देशी, वर आईचा खार, वर सोडा. आई रोज माझ्या हातानं खार पाठवायची. मी गेलो की खोपीतले सगळे उठून उभे राहायचे, आला रे आला, शकू-सोडा आला! बाबा मला मांडीवर घ्यायचे. हातात भजी द्यायचे. घरी बोलू नको म्हणायचे, पण डोळा मारून, लाडानं. नंतर तर सगळ्यांना इतकी चटक लागली की प्रत्येकानं घरी बायकोच्या मागं टुमणं लावलं, माझी लई चढतीय, शकुबाईचा उतारा आणत जा!”

सगळे खो खो हसले. विजयसिंहनं तर टेबलावर थाप मारली.

आक्का दारात उभी होती. हातात कांदाभज्यांची ताटली. ती कधी येऊन उभी राहिली कुणी बघितलं नाही. तिनं ताटली हळूच ओट्यावर ठेवली.

“आन डबा?” तिनं विचारलं.

“कुठला डबा, आई?”

“धुवून यायचा. त्यो.”

“सोड्यानं खंगाळायचे नि ते पाणी ग्लासात वतून घ्यायचे!” युवराज हसत होता. “थेंब वाया जाऊ द्यायचे न्हाईत. तुला म्हाईत हुतंच की. तूच तर धाडायचीस.”

या अल्ला! पोराला खरंच वाटत होतं की आईला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं त्याला वाटत होतं की आई लाडानं बापाचा चखणा धाडते.

साहेबांची बायको पुढं आली. “काकू, तुम्ही तर फेमस! एकदा चव तरी बघा ना.” राजनंदिनीनं मोबाइल धरला होता. सगळे आक्काकडं बघत होते, कौतुकानं. आक्कानं ग्लासात बोट बुडवलं, जिभेला लावलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या तिच्या जन्मात तिला पहिल्यांदा मिळाल्या. ती थोडी हसलीसुद्धा. मग मागच्या मोरीकडं निघून गेली.

मी मागोमाग गेले. ती नळ सोडून उभी होती, हात पाण्याखाली, धुवायला काही नव्हतं. मी खांद्याला हात लावला तर म्हणाली, “जरिना, कोण कोण पोरं न्यायची गं? युवराज एक. मान्या. बानूबाईचा थोरला. पंपावाल्याची दोन. आनि कोण?” ती पोरं मोजत होती. मला नावं येत होती, पण मी सांगितली नाहीत.

“मान्या कुठं असतो आता?” तिनंच विचारलं.

तिला ठाऊक होतं, आणि मलाही. ती पत्र्याची खोप अजून तिथंच आहे. मान्या तिथंच असतो. एका पायावर लंगडी घालत जायचा, तो आता दोन्ही पायांनी घरी येऊ शकत नाही.

“मीच सांगितलं, पोराच्या हातानं धाडा,” ती म्हणाली. “माज्या तोंडानं. एकेकीला बजावून.” मग नळ बंद करून तिनं माझ्याकडं बघितलं. “आन मग ह्यो अकरा वर्सं कशानं जगला गं?”

काय सांगू? एखाद्याचं लिव्हर दांडगं असतं, झालं! मी म्हटलं, “त्याचं त्याला ठाऊक, आक्का.”

“मग मी काय केलं?”

मला रडू आवरेना. ती रडली नाही. पदरानं हात पुसले आणि पाहुण्यांना भाकरी वाढायला आत गेली. जेवताना कुणाला काही कमी पडू दिलं नाही.

परतताना टेम्पोत मी चाँदभाईला विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?” उसाच्या दोन ट्रॉल्यांना वाट देत तो बोलला, “सगळ्यांनाच ठाऊक होतं.” माझं डोकं फिरलं. हा माणूस पाच वेळचा नमाज पढतो, दारूच्या बाटलीला बोट लावत नाही, आणि पंचवीस वर्षं लिंबं वाहत होता! म्हटलं, “एका शब्दानं सांगितलं नाहीत?” तर म्हणाला, “तुम्ही दोघी इतक्या जिवानं करत होता. सांगून तुमचं काय राहिलं असतं?”

चार दिवस मी त्याला बिनमिठाचं कालवण वाढलं. त्यानं मुकाट्यानं खाल्लं. म्हणजे कशाबद्दल ते त्याला समजलं होतं.

राजनंदिनीनं काढलेला तो व्हिडिओ मात्र गावोगाव गेला. ‘मीठ कमी हाय’ म्हणणारी आजी. वसाहतीत पोरंसोरं बघायची नि हसायची. बायांनी बघितला तो वेगळ्या डोळ्यांनी. त्यांना एवढंच दिसलं की आपल्या उताऱ्याच्या बाटल्या पुण्याच्या साहेबांपुढं मांडल्यात. दारूत काय घातलं, का घातलं, ते मोबाइलवर दिसत नाही. चारचौघींत शकू-सोडा हे नाव घ्यायची पुरुषांची छाती नाही, तेव्हा ते अजून त्यांच्यातच आहे.

पुढच्या गुरुवारी मी जळोचीला गेले. आक्का ओसरीत बसली होती. बरणी समोर, झाकण लावलेलं. लिंबं चिरू का विचारलं तर नको म्हणाली. तेवढ्यात फाटक वाजलं. राजेश्वरी, मान्याची बायको. भवानीनगरहून एसटीनं आली होती, घामाघूम. सोबत सात वर्षांची पोरगी, दोन वेण्या घातलेली. पोरीच्या हातात डबा. चहापत्तीचा.

“मावशी, उतारा द्या वं,” राजेश्वरी म्हणाली. “परवापासनं शुद्धीवर न्हाईत. संपला हुता घरातला.”

आक्कानं तिला पाणी दिलं. मग पोरीला जवळ बोलावलं. “डबा कोण न्हेतं गं बाबाकडं?”

“मी,” पोरगी म्हणाली. मोठ्या ऐटीत.

“मग बाबा काय म्हणतो?”

“हुशार हाय माजी पोर, म्हणतो. भजी देतो.”

“आन डबा?”

“धुवून देतो!”

आक्कानं डोळे मिटून घेतले. मग पोरीच्या हातातून डबा काढून घेतला, हळूच, बोटं सोडवून, आणि आत गेली. मला वाटलं, भरून आणते. ती आली ती ताटलीत भाकरी नि लोणच्याच्या चार फोडी घेऊन. ताटली तिनं राजेश्वरीपुढं ठेवली.

“ह्यो उतारा न्हाय गं. लोणचं हाय. तू खा, पोरीला दे. घरी न्हेऊ नगंस.”

राजेश्वरीला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. “आवो, त्यांच्यासाठनं पायजे.”

“न्हाय. आन पोरीला तितं धाडू नगंस.”

“तुमीच तर सांगितलं हुतं माज्या सासूला! पोराच्या हातानं धाड म्हणून!”

आक्कानं ताटली आणखी तिच्याकडं सरकवली.

मग राजेश्वरीचा तोल सुटला. “पुण्याच्या लोकास्नी पाजायला बाटल्या हाईत, आन आमाला न्हाय, व्हय? मोबाइलवर बगितलंय आमी! बंगला झाल्यावर आमी नजरंला दिसत न्हाय तुमाला.” ताटली तशीच सारून ती उठली. पोरगी रडायला लागली. “माजा डबा तरी द्या!”

“न्हाय,” आक्का म्हणाली.

“डबासुदीक न्हाय?”

“न्हाय.”

राजेश्वरी फाटकापर्यंत शिव्या देत गेली. रस्त्यावर उभी राहून दिल्या, शेजारच्या बंगल्यांतून माणसं बाहेर आली. मी उठले, चप्पल शोधायला लागले. म्हटलं, आत्ता धरून आणते तिला आणि सांगते सगळं, तो डबा कशासाठी जातो ते. आक्कानं माझा हात धरला. तिच्या हाताला अजून लिंबाचा वास होता.

“सांगू नगंस.”

“आक्का, सगळी वसाहत तुला वाईट म्हणंल!”

“म्हणू दे,” ती म्हणाली. “मला वाईट म्हणतील. खरं कळलं तर एकेक बाई सोताला म्हणंल. आपल्या हातानं धाडलंय समद्यांनी.”

तो डबा तिच्या खोलीत खिडकीत आहे. बरणी तिनं रिकामी केली, धुतली, उन्हात पालथी घातली. यंदा चाँदभाईकडून लिंबं घेतली नाहीत.

आणि मी तिचं ऐकलं नाही. ज्या बाया आज तिला नावं ठेवतात त्यांना वाचू दे, रडू दे, मला शिव्या घालू दे. त्या सगळ्या डब्यांची झाकणं मी लावून दिली होती. घट्ट दाबून, पोरांच्या हातनं सांडू नये म्हणून.